काशिनाथकाका आले होते

टेम्पो हमरापूरच्या फाट्याजवळ आला तेव्हा आई ड्रायव्हरला म्हणाली, "जरा थांब रे बाबा. जोह्याला निरोप द्यायचाय."

"दिलाय मी," मी म्हणालो. "काशिनाथकाकांना नवा पत्ता दिलाय. चोवीस तारखेला ते सरळ वाशीलाच येतील. चला, पुढे ट्रॅफिक लागेल."

ड्रायव्हरने आधी आईकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि गाडी पुढे काढली. आईच्या मांडीवर वडिलांच्या जुन्या धोतरात गुंडाळलेलं एक गाठोडं होतं. मागे टेम्पोत आमचा सगळा संसार हिंदकळत होता, पण हे गाठोडं तिने मागे ठेवू दिलं नव्हतं. ते छातीशी जरा घट्ट धरत ती म्हणाली, "बरं केलंस. त्यांच्याशिवाय कसं व्हायचं?"

मी निरोप दिला नव्हता. पत्ताही दिला नव्हता.

हे दोन वाक्यांचं काम. पण ती दोन वाक्यं लिहायला मला म्हातारं व्हावं लागलं. पेण-रोह्यात जे राहिले त्यांच्यासाठी, आणि माझ्यासारखे जे टेम्पोत सामान भरून निघाले त्यांच्यासाठीही, मी हे लिहितो आहे. माझ्याबद्दल काय ठरवायचं ते तुम्ही ठरवा. पण काशिनाथकाकांबद्दल आमच्या घरात आणि आमच्या चर्चमध्ये मी जे खोटं रुजवलं, ते मला माझ्या हाताने उपटायचं आहे. आणि उपटता उपटता थोडी फुशारकीही मारायची आहे, कारण आमच्यासारखा नाताळ साऱ्या मुलखात कुणाचा नव्हता.

माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, संगमनेरकडचे. पेणला एका डॉक्टरांच्या दवाखान्यात ते कंपाउंडर म्हणून आले आणि पेणचेच झाले. गावात आम्ही ख्रिस्ती अगदी थोडे. फादर महिन्यातून एकदा यायचे, कुणाच्या तरी ओटीवर मिस्सा व्हायची. एरवी दादाच आमचे धर्मगुरू आणि आई आमचं चर्च. नाताळच्या आधीचे चार आठवडे म्हणजे आगमनकाळ. आता सगळे त्याला अ‍ॅडव्हेंट म्हणतात. तो आमच्या घरात फार कडक पाळला जायचा. आई जुन्या जांभळ्या लुगड्याचा तुकडा कोनाड्यात अंथरायची, त्यावर चार पणत्या ठेवायची. पहिल्या रविवारी एक लावायची, दुसऱ्या रविवारी दोन. कोनाड्याच्या मधोमध लाकडी गव्हाण, तिच्यात नव्या भाताचा पेंढा. भात नुकतंच झोडून झालेलं असायचं, त्यामुळे त्या पेंढ्याला अजून शेताचा वास असायचा. गव्हाण रिकामी. करंज्या होईपर्यंत, घराला चुना लागेपर्यंत, शेजारी पोपटीची मडकी लावून वालाच्या शेंगा भाजत असत तेव्हाही, गव्हाण रिकामीच.

आम्हा पोरांना ते समजत नसे. "येशू तर कधीच जन्माला आलाय, मग दर वर्षी थांबायचं कशाला?" असं मी दादांना विचारलं होतं. दादा म्हणाले, "तो येऊन गेलाय, हे जगाचं झालं. तुझ्याकडे यायचाय." मला तेव्हाही नीट समजलं नव्हतं. समजावलं ते काशिनाथकाकांनी, आणि त्यांना स्वतःला आगमनकाळ हा शब्दसुद्धा ठाऊक नव्हता.

काशिनाथकाका जोह्याचे, गणपतीच्या कारखान्यातले. एकदा हात कापला म्हणून दवाखान्यात पट्टी बांधायला आले. तेव्हा दादांनी त्यांना विचारलं, "एक बाळ करून द्याल का? वीतभर, झोपलेलं." आमच्याकडे गव्हाण होती, पण तिच्यात ठेवायला रंगीत कागदाचं कापलेलं चित्र होतं, बस. काकांनी बाळ येशू कधी बघितला नव्हता. दादांनी त्यांना एका जुन्या कॅलेंडरवरचं चित्र दाखवलं. काकांनी ते डोळ्याजवळ नेलं, लांब नेलं, आणि म्हणाले, "हां. झालं समजा."

आठवड्याने ते शाडूचं बाळ घेऊन आले. गुबगुबीत, गालाला खळी, एक गुडघा वर, आणि उजव्या हातात लोण्याचा गोळा.

आई तोंडाला पदर लावून आत पळाली. दादा गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "काशिनाथ, हे लोणी?"

"बाळ हाय ना? मग उपाशी ठेवायचं काय?"

लोणी निघालं. गुडघा मात्र तसाच राहिला, आणि खळीही. तो आमचा बाळ येशू. आजतागायत मी एवढा तब्येतीने सुखी बाळ येशू दुसरीकडे पाहिलेला नाही.

पण बाळाला डोळे नव्हते. भुवया होत्या, नाक-ओठ होते, डोळ्यांच्या जागी नुसता गुलाबी रंग. दादांना वाटलं, राहून गेले. काका म्हणाले, "राहिलं नाय, ठेवलंय. तुमचा सण कधी? त्या दिवशी येऊन आखणी करतो. डोळे काढले की देव घरात आला. आजच काढले, तर मग तुम्ही महिनाभर वाट कुणाची बघणार?"

दादा म्हणाले, "आम्ही मूर्तीला देव मानत नाही, काशिनाथ. ही आठवण आहे."

"नका मानू. डोळे तरी असू द्या."

दादा हसले, पण त्या रात्रीच्या प्रार्थनेत त्यांनी काकांचं नाव घेतलं. चार वर्षं आम्हाला आगमनकाळ समजावून समजावून दादा दमले होते. आता कोनाड्यातल्या पणत्यांशेजारी डोळे नसलेलं बाळ, तोंडावर पांढरा रुमाल घेऊन थांबलेलं असायचं आणि आम्हालाही त्याच्याबरोबर थांबावं लागायचं. ते बघेल तेव्हा आपण कसे दिसू, हा विचार पोरवयातही मनात यायचा. भावंडांशी भांडताना त्या रुमालाकडे नजर जायची. अजून बघत नाही, पण बघणार आहे. आगमनकाळ म्हणजे हेच. पुढे मी कितीतरी प्रवचनं ऐकली, पण याहून सोपं कुठे ऐकलं नाही.

चोवीस तारखेला दुपारच्या एसटीने काका यायचे. ब्रश कानावर, रंग एका छोट्या डबीत. आले की आधी दारातूनच हाक, "वयनी, च्या टाका गो! हात थरथरला तर देव तिरळा व्हईल, मग मला बोलू नका." चहा पिऊन झाला की सगळ्यांना गप्प बसवायचे. अख्ख्या पेण तालुक्यात आपल्यासारखे डोळे कुणी काढत नाही, हे दर वर्षी सांगायचे. उजवा डोळा, मग डावा. शेवटचा काळा ठिपका टेकवला की बाळाच्या कानाशी वाकून म्हणायचे, "बघ रे बाळा, कोण कोण आलंय."

मग दादा बाळ उचलून गव्हाणीत ठेवायचे, आणि आमचा नाताळ सुरू व्हायचा.

डोळ्यांचा रंग डिंकातला. जानेवारीत तीन राजांचा सण झाला की आई ओल्या फडक्याने ते डोळे अलगद पुसायची आणि बाळ परत दादांच्या जुन्या धोतरात जायचं. पहिल्या वर्षी तिला ते जमेना. "बाळाचे डोळे पुसायचे म्हंजे कसंतरीच वाटतं," म्हणाली. काका म्हणाले, "वयनी, आमचा देव अख्खा पाण्यात जातो. तुमचा नुसते डोळे धुतो. स्वस्तात सुटला तुमचा." आई त्यावर महिनाभर हसत होती.

अशी ही आमची रीत. कुठल्या फादरनी सांगितलेली नाही, कुठल्या धर्मसभेत ठरलेली नाही. पेणच्या एका कंपाउंडरने आणि जोह्याच्या एका मूर्तिकाराने मिळून केलेली. आता सांगताना माझी मान ताठ होते. त्या वेळी मात्र मला तिची लाज वाटली.

मी मोठा झालो, रोह्याला धाटावच्या कंपनीत लागलो, लग्न झालं, तिथेच जवळ वरशाला खोली घेतली. शिफ्ट कुठलीही असो, चोवीस तारखेला दुपारी मी पेणला हजर. मग एका पावसाळ्यात दादा गेले आणि त्याच वर्षी मला तुर्भ्याच्या एका मोठ्या कंपनीत जागा मिळाली. बायको पुढे जाऊन वाशीची खोली लावत होती. मी वरशाचं सामान टेम्पोत भरलं, नागोठणं-वडखळ करत पेणला आलो, आईला घेतलं, घराला कुलूप लावलं. आगमनकाळाचा दुसरा आठवडा चालू होता. आईने कोनाड्यातल्या दोन पणत्या विझवल्या, तेल पुसलं आणि त्या पदरात बांधून घेतल्या.

वाशीच्या बिल्डिंगमध्ये शेजारी मुंबईचे, मंगलोरचे, गोव्याचे. त्यांच्या घरात काचेच्या कपाटात परदेशातून आणलेल्या मूर्ती. पियानोवर गाणी बसवलेली. मी खोली बघायला गेलो होतो तेव्हा शेजारच्या बाईंनी विचारलं होतं, "यू हॅव अ क्रिब?" क्रिब म्हणजे गव्हाण. मी मान डोलावली होती, आणि डोलावताना माझ्या डोळ्यांसमोर काका उभे राहिले होते. कपाळाला गंध, कानावर ब्रश, जिन्यातूनच "वयनी गो" म्हणून ओरडणारे. गणपतीवाला येऊन येशूचे डोळे काढतो, हे या लोकांना कसं सांगायचं? मला वेळ नव्हता म्हणून निरोप राहिला, असं नाही. फाटा तर वाटेतच होता. मला तो माणूस त्या जिन्यात नको होता. खरं कारण हे आहे.

चोवीस तारखेला दुपारी आईने चहाचं आधण ठेवलं. काढलं, परत ठेवलं. गॅलरीत जाऊन रस्ता बघितला. मी पेपर वाचत होतो. संध्याकाळ व्हायला आली तसं मी म्हणालो, "नाही आले ते. विसरले असतील."

"इसरणारा माणूस नाय तो."

"मग शहरात यायला नको वाटलं असेल."

मी कंपनीतून आणलेली काळ्या एनॅमलची डबी उघडली. पाइपांवर नंबर टाकायचा रंग तो. बारीक ब्रश नव्हता, काडीला कापूस गुंडाळला. आईने बाळ धरलं आणि मी डोळे काढले. झाल्यावर कानाशी वाकून कुणी काही म्हणालं नाही.

तीन राजांचा सण झाल्यावर ती ओलं फडकं घेऊन बसली. बराच वेळ पुसत होती. एनॅमल पाण्याने जात नाही. मी दारात उभा होतो. तिने माझ्याकडे बघितलं नाही, फडकं पिळलं, आणि उघड्या डोळ्यांच्या बाळाला तसंच धोतरात गुंडाळून ठेवलं. पुढच्या वर्षी तिने आधण ठेवलं नाही. त्यानंतर ती बरीच वर्षं जगली आणि त्या सगळ्या वर्षांत काशिनाथ भावजींचा विषय निघाला की एवढंच म्हणायची, "आले असते तर बरं झालं असतं." काका आले नाहीत, हे मनात घेऊन ती गेली. मी तिच्या उशाशी बसलेला होतो. तेव्हाही बोललो नाही.

दुसरं खोटं लहान, पण ते जास्त पसरलं. वाशीच्या चर्चच्या गोठ्यासाठी बाळ हवं होतं, मी आमचं दिलं. सगळ्यांना फार आवडलं. फादरनी विचारलं, कुठून आणलं? मी म्हणालो, "वडिलांनी गोव्याहून आणलंय, जुनं आहे." तेव्हापासून दर नाताळच्या रात्री ते बाळ आमच्या घरून चर्चच्या गोठ्यात जातं. नव्या आलेल्या लोकांना त्याची पोर्तुगीज धाटणी दाखवली जाते. जाणकार मंडळी त्या गुडघ्याविषयी बोलतात.

आता मी खारघरला मुलाकडे असतो. इथे नाताळ दिवाळीचे कंदील उतरायच्या आत सुरू होतो. मॉलमध्ये तीन मजली झाड, त्यावर थर्माकोलचा बर्फ, खाली घाम पुसणारा सांताक्लॉज. सोसायटीच्या ग्रुपवर सीक्रेट सांताच्या चिठ्ठ्या, प्लम केकचं बुकिंग. माझी नात अनया आयटी कंपनीत आहे. तिने यंदा एक कॅलेंडर आणलं, रोज एक खिडकी उघडायची आणि आतलं चॉकलेट खायचं. दुसऱ्याच दिवशी सगळ्या खिडक्या उघडलेल्या होत्या. मला या कशाचा राग नाही. दिवे मला आवडतात, केक तर फारच. पण या तयारीत थांबायला जागा उरत नाही. सगळं आधीच आलेलं असतं.

यंदा आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी अनयाने गव्हाण मांडली, पेंढ्याऐवजी सोनेरी झिरमिळ्या घातल्या, धोतरातून बाळ काढलं आणि ठेवलं गव्हाणीत. फोटो काढायला लागली.

"आत्ता नाही गं," मी म्हणालो. "चोवीसला ठेवायचं. तोवर वाट बघायची."

"आजोबा, पण तो तर रेडीच आहे." ती बाळाकडे वाकली. "टक्क जागा आहे बघा. डोळे उघडे ठेवून तोच आपली वाट बघतोय."

ती सहज बोलली. मी खुर्चीत बसलो. मग तिला सगळं सांगितलं, बायकोला, मुलाला कधी सांगितलं नव्हतं ते. फाटा, टेम्पो, आधण, एनॅमल. मला वाटलं होतं ती समजूत घालेल. तिने समजूत घातली नाही. मोबाइल बाजूला ठेवून म्हणाली, "मग त्यांना कोण सांगणार? की तुमची चूक होती म्हणून?"

"काका आता कुठले असणार? गेले असतील."

"घरचे असतील ना. शनिवारी मी गाडी काढते."

हमरापूरच्या त्या फाट्यावरून मी इतक्या वर्षांत किती वेळा गेलो असेन, दर वेळी दुसऱ्या बाजूला बघत. आता गाडी आत वळली. दोन्ही बाजूंना कापणी झालेली शेतं, आणि मग कारखान्यांमागून कारखाने. रंग न दिलेल्या गणपतींच्या रांगा पार रस्त्यापर्यंत. काकांचं नाव सांगितल्यावर एकाने बोट दाखवलं. "त्यांच्या कुंदाताईचा कारखाना. पुढं जा, आवाज येईल."

आवाज आलाच. साठीची एक बाई कमरेला पदर खोचून फोनवर कुणाला तरी दटावत होती, "अमेरिकेला बोटीनं जायला महिने लागतात, शेठ! देव काय इमानानं उडत जानार हाय काय?" फोन ठेवून तिने आमच्याकडे बघितलं. मी नाव सांगितलं. पेणच्या कंपाउंडरांचा मुलगा म्हणालो.

"जानू?" ती म्हणाली. काकांशिवाय मला या नावाने कुणी हाक मारत नसे.

तिने बसायला सांगितलं. मी बसलो नाही. उभ्या उभ्याच सांगितलं, की त्या वर्षी मी निरोप दिला नाही, आणि आईला सांगितलं की तुमचे बाबा आले नाहीत.

कुंदाताई म्हणाली, "बाबा गेलं व्हतं की. दुपारच्या एसटीनं. कुलूप बघून वट्यावर बसून राहिलं. शेजारचे म्हनाले, अवो, ते बिऱ्हाड घेऊन गेले. तरी बसलं. संध्याकाळच्या एसटीनं परत आलं, कानावर ब्रश तसाच."

मी हातातलं बाळाचं गाठोडं छातीशी धरलं.

"अन् पुढच्या वर्षी परत गेलं," ती म्हणाली. "त्याच्या पुढच्या बी. हातपाय चालले तवर दर वर्षी. आय भांडायची, अवो गेली ती मानसं! तर म्हनायचं, गेली तरी सनाला मानूस गावाला येतो. आली अन् मी नसलो तर बाळ आंधळं राहील."

अनया दुसरीकडे तोंड करून उभी होती.

"रागावले होते माझ्यावर?" मी विचारलं.

"रागावलं? शिव्या दिल्या! म्हनायचं, त्या जानूनं शेरातल्या कुठल्या तरी पेंटरकडनं डोळे काढून घेतले असतील. तिरळे असतील, बघ." तिने हात पुढे केला. "आना हिकडं. बघू."

मी बाळाभोवतीचं धोतर सोडलं. तिने बाळ उजेडात धरलं, डावीकडे फिरवलं, उजवीकडे फिरवलं, आणि एवढ्या मोठ्याने हसली की रंग देणाऱ्या बायका येऊन उभ्या राहिल्या.

"आगो बाय! खरंच तिरळा हाय!"

तिरळा होता. डावा डोळा जरा नाकाकडे गेलेला. चर्चमधले जाणकार ज्याला दैवी नजर म्हणत ती हीच. अनयालाही हसू फुटलं, आणि मग मलाही. काकांच्या कारखान्यात, काकांच्या लेकीसमोर, डोळे पुसत पुसत मी किती वर्षांनी असा हसलो.

"दुरुस्त होईल?" मी विचारलं.

"थिनरनं काढावं लागंल. खालचा रंग बी जाईल, तो परत देते. ठेवून जा."

"मग मी घ्यायला कधी येऊ? तेवीसला?"

तिचं हसू थांबलं. "तुमी न्यायला यायचं नाय. बाबा कदी बोल्ले काय, देव न्यायला या? डोळे तुमच्या घरात काढायचे, चोवीसला. मी येनार. तुमी वाट बघा."

"नक्की याल?"

"आता तुमी इचारता व्हय?" एवढंच म्हणाली ती, आणि फोन घ्यायला आत गेली.

येताना गाडीत माझी मांडी रिकामी होती. कुंदाताई आली नाही तर? तिला कारखाना, ऑर्डरी, माणसं. आणि आली नाही तर मला म्हणायला तोंड कुठे होतं? माझ्या आईने जे आधण ठेवून केलं होतं ते आता माझ्या वाट्याला आलं होतं, आणि ते मला मिळायलाच हवं होतं.

चौथ्या रविवारी वाशीच्या त्या चर्चमध्ये मिस्सा संपल्यावर मी फादरांची परवानगी घेऊन पुढे गेलो. चर्चचा गोठा सजलेला होता, गव्हाण रिकामी. मी म्हणालो, "आपलं बाळ गोव्याचं नाही. रायगडातल्या जोह्याचं आहे. काशिनाथ नावाच्या गणपती करणाऱ्या माणसाने ते घडवलं. मी तुमच्याशी खोटं बोललो, कारण मला त्या माणसाची लाज वाटली होती. आता मला त्याचा अभिमान वाटतो, आणि तो जिवंत नाही." मग डोळ्यांची रीत सांगितली, आणि चोवीसला त्यांची लेक आमच्या घरी येऊन डोळे काढणार हेही. पहिल्या बाकावरच्या एक म्हाताऱ्या बाई काठी टेकत माझ्याजवळ आल्या. मला वाटलं आता ऐकावं लागणार. त्या म्हणाल्या, "इज शी कमिंग फॉर शुअर? आम्ही पण येऊ बघायला."

चोवीस तारखेला दुपारी आमच्या फ्लॅटमध्ये उभं राहायला जागा नव्हती. फादर होते, त्या काठीवाल्या बाई होत्या, बिल्डिंगमधली दोन-तीन घरं. खाली लॉबीत सांताची टोपी घातलेला वॉचमन आणि स्पीकरवर घंटांची गाणी. वर आमच्याकडे कोनाडा नाही म्हणून टीव्हीच्या टेबलावर चार पणत्या, रिकामी गव्हाण, आणि तिच्यात अनयाने जोह्याच्या शेतातून उचलून आणलेला पेंढा. झिरमिळ्या तिनेच काढून टाकल्या होत्या. मी गॅसवर आधण ठेवलं. काढलं. परत ठेवलं.

फोन वाजला. "पळस्प्याला अडकलेय," कुंदाताईचा आवाज. "ही सगळी गोव्याला चाललेली मानसं! घरी नाताळ करता येत नाय काय यांना?"

खोलीभर हसू पसरलं. फादर म्हणाले, "लेट हर टेक हर टाइम." आणि आम्ही बसलो. कुणी टीव्ही लावला नाही, केक कापला नाही. इतकी माणसं एका खोलीत काहीही न करता एका बाईची वाट बघत बसलेली मी पेण सोडल्यावर पहिल्यांदा पाहिली.

उन्हं उतरताना बेल वाजली. कुंदाताई दारात, मांडीवरून आणलेलं बाळ आता कडेवर, तोंडावर रुमाल. कानावर ब्रश. तिने आत डोकावून सगळ्यांना बघितलं आणि म्हणाली, "एवढी मानसं! च्या टाका गो आधी कुनी. हात थरथरला तर परत तिरळा व्हईल, मग माझ्या बाबाला बोल लागंल."

चहा झाला. तिने बाळाचा रुमाल काढला. डोळ्यांच्या जागी पूर्वीसारखा गुलाबी रंग. सगळे गप्प झाले. उजवा डोळा, मग डावा. डिंकातला रंग, पाण्याने जाईल असा, अनयाला जानेवारीत पुसावा लागेल असा. शेवटचा ठिपका टेकवून ती कानाशी वाकली. मला वाटत होतं तिला ते ठाऊक नसणार. ते ठाऊक असणारी माणसं गेली.

"बघ रे बाळा," ती म्हणाली, "कोण कोण आलंय."

पेणचं आमचं घर आता नाही, तिथे बिल्डिंग आहे. वरशाची खोली कुणाची आहे ते मला ठाऊक नाही. गाव कुठलं, असं कुणी विचारलं की इतकी वर्षं मी पेण म्हणायचो, पण म्हणताना जीभ जरा अडखळायची. माझं पेण सुटलं ते टेम्पोने नव्हे, हमरापूरच्या फाट्यावर मी बोललेल्या एका वाक्याने. त्या संध्याकाळी जोह्याहून आलेल्या एका बाईने ते परत आणून दिलं, कडेवरून. आता जिथे आधण ठेवून कुणाची तरी वाट बघतो तेवढं घर माझं, आणि ते पेणचंच आहे, खारघरला असलं तरी.

बाळ मी गव्हाणीत ठेवलं नाही. अनयाच्या हातात दिलं. ती ठेवत असताना मी गॅलरीत गेलो, आईने त्या दुपारी जसा रस्ता बघितला असेल तसा बघितला, आणि जे तिला सांगायचं राहिलं होतं ते मोठ्याने सांगितलं.

आई, काशिनाथ भावजी आले होते गं. दर वर्षी आले होते.